वीस मायक्रॉनची थरथर

ताशी ऐंशी-नव्वदच्या वेगात ब्रेक दाबला की काही मोटारींचे स्टिअरिंग हातात थरथरू लागते. वेग उतरत जातो तशी थरथर आधी जड होते, मग सुटी सुटी होते, चाळीसच्या खाली विरून जाते, आणि गाडी उभी राहते तेव्हा काही झालेच नव्हते असे वाटते. मध्येच ब्रेक सोडला तर ती त्याच क्षणी थांबते. पुन्हा दाबला की पुन्हा सुरू. सगळ्या खुणांत ही खूण मोलाची. थरथर ब्रेकशी बांधलेली आहे की वेगाशी, एवढे कळले की निम्मे निदान तिथेच होते. ब्रेक न लावताही नव्वदला स्टिअरिंग हलत असेल तर चाकांचे बॅलन्सिंग, टायर, रिम यांच्याकडे बघायचे. ब्रेक लावला तरच हलत असेल तर पुढच्या दोन डिस्कांकडे.

छत्रपती संभाजीनगरात हा बिघाड बहुधा शहराबाहेरच उघड होतो. जालना रोडवर क्रांती चौक, मोंढा नाका, सेव्हन हिल्स, सिडको अशा टप्प्यांत गाडी फारशी पन्नाशी ओलांडत नाही, आणि पन्नाशीच्या आत ही थरथर इतकी बारीक असते की रस्त्याच्या खड्ड्यांत हरवून जाते. मग एखादे कुटुंब सावंगीहून समृद्धी महामार्गावर चढते. ७०१ किलोमीटरच्या या रस्त्यावर मोटारींना ताशी १२० किलोमीटरची मुभा आहे, आणि कित्येक किलोमीटर ब्रेकला पाय लावावा लागत नाही. पुढे उतरायच्या ठिकाणी एकशेवीसवरून चाळीसवर यायचे म्हणून ब्रेक दाबला जातो आणि हातातले चाक हादरू लागते. घाबरलेला चालक दुसऱ्या दिवशी गाडी गॅरेजात नेतो. मिस्त्री चौकापर्यंत चक्कर मारून येतो आणि म्हणतो, “भाऊ, मला तर काही जाणवलं नाही.” दोघेही खरे बोलत असतात. ज्या वेगाला बिघाड बोलतो त्या वेगाला गाडी चालवूनच तो ऐकू येतो.

पुढच्या प्रत्येक चाकाच्या आत, हबवर बसवलेली, करड्या बिडाची एक ओतीव तबकडी असते. तीच डिस्क. तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरायला कॅलिपर आणि त्यात दोन पॅड. पाय पडला की तेलाच्या दाबाने पिस्टन पुढे सरकतो, पॅड डिस्कला घासतात आणि गाडीचा वेग उष्णतेत बदलतो. ही रचना जुनी आहे. इंग्लंडमध्ये फ्रेडरिक लँचेस्टर यांनी १९०२ मध्ये डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले, पण तिचा बोलबाला झाला तो १९५३ मध्ये, ल माँच्या चोवीस तासांच्या शर्यतीत डिस्क ब्रेक लावलेली जॅग्वार पहिली आली तेव्हा. आपल्याकडे अ‍ॅम्बेसेडर आणि प्रीमियर पद्मिनीच्या जमान्यात ड्रमचेच राज्य होते. आज लहानात लहान मोटारीलाही पुढे डिस्क असते, मागे मात्र पुष्कळ गाड्यांना अजून ड्रमच.

डिस्क सगळीकडे सारख्या जाडीची असली तर पॅड तिला एकसारख्या ताकदीने धरतात. समजा, तिच्या परिघावर एका बाजूला जाडी थोडी जास्त आहे. चाक फिरता फिरता ती जाड बाजू चिमटीत आली की पकड घट्ट होते, पातळ बाजू आली की सैल. प्रत्येक फेऱ्यात एक घट्ट, एक सैल. चाकाला मागे ओढणारी ताकद अशी कमी-जास्त होऊ लागली की चाक लोअर आर्मच्या रबरी बुशवर केसाएवढे पुढे-मागे हलते, ते हलणे टाय रॉडमधून रॅककडे जाते आणि रॅकमधून स्टिअरिंगच्या दांड्यावर चढते. त्याच वेळी जाड बाजू पिस्टनला किंचित मागे ढकलते, तो धक्का तेलातून परत येतो आणि पायाखाली पेडल धडधडते.

किती जाडीचा हा खेळ? बहुतेक गाड्यांत एकाच डिस्कवर १५ ते २० मायक्रॉनचा फरक हाताला जाणवायला पुरतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा असतो. लेथवाल्यांच्या हिशेबात सांगायचे तर हा फरक एका थाऊपेक्षाही, म्हणजे इंचाच्या हजाराव्या भागापेक्षाही, कमी. डोळ्यांना तो दिसत नाही, नखाला लागत नाही. डिस्क चमकदार, गुळगुळीत आणि निर्दोष दिसत असते, आणि तरी ती सदोष असते. या बिघाडाच्या निदानात डोळ्यांवर विसंबून होणारी चूक इथूनच सुरू होते.

विशिष्ट वेगालाच थरथर का, याचे उत्तर सोप्या हिशेबात मिळते. लहान मोटारीच्या चाकाचा घेर सुमारे १.९ मीटर. ताशी १०० किलोमीटरला ते चाक सेकंदाला साडेचौदा फेरे मारते, ऐंशीला पावणेबारा, साठला जवळपास नऊ, चाळीसला सहाच्या आत. स्टिअरिंग आणि पुढचे सस्पेन्शन मिळून जी जोडणी होते तिची स्वतःची एक लय असते आणि ती पुष्कळ गाड्यांत सेकंदाला दहा ते पंधरा कंपनांच्या आसपास पडते. झोक्याला त्याच्या लयीत दिलेला हलका धक्काही त्याला उंच नेतो, इथेही तसेच. वेग उतरताना चाकाचे फेरे त्या लयीशी जुळतात तेवढा वेळ वीस मायक्रॉनचा फरक अख्खे स्टिअरिंग हादरवतो. लय सुटली की फरक तेवढाच राहतो, हाताला मात्र कळत नाही. चाळीसच्या खाली थरथर गेली म्हणजे बिघाड बरा झाला, असे मानण्यात अर्थ नाही.

गॅरेजमध्ये या सगळ्याला एकच शब्द आहे: “डिस्क वाकलीय.” हा शब्द इतका रुळला आहे की ग्राहकही गाडी घेऊन येतानाच तो म्हणतो. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो, आणि चुकीच्या शब्दामुळे चुकीचा इलाज होतो. ओतीव बीड कडक असते. रोजच्या वापरात ते ताटासारखे वाकत नाही. घडते ते वेगळेच, आणि ते समजून घेण्याजोगे आहे.

डिस्क हबवर बसताना किंचित तिरकी बसली तर फिरताना ती डोलते. या डोलण्याला मिस्त्री ‘रनआउट’ म्हणतात. बसवलेल्या डिस्कवर ते साधारण ५० ते १०० मायक्रॉनच्या आत असावे, असे बहुतेक दुरुस्ती पुस्तिकांत दिलेले असते. नुसत्या डोलण्याने स्टिअरिंग लगेच थरथरत नाही, कारण सरकता कॅलिपर डिस्कबरोबर थोडा इकडे-तिकडे होऊन ते सांभाळून घेतो. त्रास सुरू होतो तो ब्रेक दाबलेला नसताना. पाय उचलल्यावर पॅड डिस्कपासून फार लांब जात नाहीत. अगदी लागून, जेमतेम मोकळे राहतात. डोलणाऱ्या डिस्कची पुढे आलेली जागा मोकळ्या रस्त्यावर प्रत्येक फेऱ्याला पॅडला हलकेच शिवून जाते. किलोमीटरला सव्वापाचशे वेळा. संभाजीनगरहून पुण्याला जाऊन पोचेपर्यंत सव्वा लाख वेळा. एका बाजूने एक जागा, विरुद्ध बाजूने समोरची जागा, अशी ती कणाकणाने झिजत राहते, आणि काही हजार किलोमीटरनंतर तिथली जाडी वीस मायक्रॉनने उतरलेली असते. तेव्हा कुठे स्टिअरिंग बोलते.

म्हणजे ब्रेकचा हा बिघाड ब्रेक न लावता घडतो, आणि ज्या दिवशी तो जाणवतो त्याच्या कित्येक महिने आधी त्याची सुरुवात झालेली असते. नवे पॅड, नवी डिस्क टाकून गाडी गॅरेजबाहेर पडते तेव्हा ती लोण्यासारखी थांबते. पाच-सहा महिन्यांनी थरथर येते. मालक म्हणतो, डिस्कचा माल हलका निघाला. मिस्त्री म्हणतो, घाटात जोरात ब्रेक मारले असतील. पुन्हा नवी डिस्क येते, पुन्हा पाच-सहा महिने. या चक्रात तीन-तीन जोड्या डिस्का बदललेल्या गाड्या असतात, आणि तिरकेपणाचे मूळ कारण तिसऱ्या जोडीखालीही तसेच बसून असते.

ते कारण बघायला चाक काढावे लागते. चाक निघते, कॅलिपरचे दोन बोल्ट सुटतात, कॅलिपर तारेने स्प्रिंगला टांगला जातो, म्हणजे होज पाइपवर भार येत नाही. डिस्क हबवरून सहसा सहज निघत नाही. गंजाने धरलेली असते. हातोडीच्या दोन ठोक्यांनी ती सुटते आणि हबचे तोंड दिसते. मधोमध गोल उंचवटा, भोवती चार बोल्ट, आणि त्यांच्यामधल्या सपाट भागावर तपकिरी खपल्या. काही बोटाने निघतात, काही पक्क्या असतात. एका बाजूला तीस मायक्रॉनचा गंज राहिला तर डिस्कच्या कडेपर्यंत जाताना तो तिरकेपणा जवळजवळ दुप्पट होतो, म्हणजे पन्नासच्या पुढे. एका खपलीत पुस्तिकेतली मर्यादा संपते. वायर ब्रशने आणि बारीक पॉलिश पेपरने हे तोंड दोन मिनिटांत लख्ख होते. डिस्कची टोपी, म्हणजे तिचा हबवर बसणारा मधला भाग, तीही आतून तशीच घासायची. ही चार-पाच मिनिटे वाचवण्यासाठी पुढे हजारो रुपये जातात. हातात नवी कोरी डिस्क असते, संध्याकाळचे सात वाजलेले असतात, बाहेर दोन गाड्या थांबलेल्या असतात, आणि गंजावरच डिस्क ठोकली जाते. बिघाडाचा जन्म बहुतांशी या घाईत होतो.

दुसरे जन्मस्थान चाकाचे नट. पंक्चर काढणारा हवेच्या गनने एक नट पुरता आवळतो, मग शेजारचा, मग त्याच्या शेजारचा. गन थांबेपर्यंत दाबलेली असते. कुठल्या नटाला किती जोर लागला ते कुणालाच ठाऊक नसते. चाक, डिस्क आणि हब एकमेकांवर बसलेले असल्यामुळे हा असमान ताण डिस्कच्या टोपीला तिरके ओढतो. बरोबर पद्धत साधी आहे: सगळे नट हाताने बसवायचे, मग समोरासमोरचे नट आळीपाळीने दोन-तीन टप्प्यांत आवळायचे, आणि शेवटचा जोर टॉर्क पान्याने, गाडीच्या पुस्तिकेत असेल तेवढाच. लहान गाड्यांना तो सहसा शंभर न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. पंक्चर काढल्यावर अचानक थरथर सुरू झाली असेल तर मात्र थांबून आधी नट तपासावेत. सैल नट ही बॅलन्सिंगची गोष्ट नव्हे, चाक निखळण्याची आहे.

उष्णतेचा वाटा यानंतर येतो, आणि संभाजीनगरच्या आजूबाजूला तो मोठा आहे. १,२०० किलो वजनाची गाडी ताशी १०० किलोमीटर वेगात असते तेव्हा तिच्यात सुमारे ४ लाख ६३ हजार ज्यूल ऊर्जा असते. एवढ्यात दीड लिटर पाणी खोलीच्या तापमानापासून उकळीपर्यंत जाईल. गाडी थांबवताना यातली बहुतेक ऊर्जा पुढच्या दोन डिस्कांत शिरते आणि पाच-पाच किलोच्या डिस्का एका दमात सुमारे सत्तर अंशांनी तापतात. सपाट रस्त्यावर पुढच्या ब्रेकपर्यंत वारा त्यांना थंड करतो. घाटात ती सवड मिळत नाही. १०० मीटर उंची उतरताना तीच गाडी जवळपास १२ लाख ज्यूल सोडते, म्हणजे शंभरच्या वेगातून पूर्ण थांबण्याच्या अडीचपट. कन्नडहून चाळीसगावकडे उतरणारा औट्रम घाट दख्खनच्या पठारावरून खानदेशात उतरतो. तिथे १०० मीटरवर भागत नाही. न्यूट्रल करून, नाहीतर चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये ब्रेकवर पाय ठेवून हा घाट उतरणाऱ्याच्या डिस्का खाली पोचेपर्यंत हात लावता येणार नाहीत इतक्या तापलेल्या असतात. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये उतरणाऱ्याच्या बऱ्याच निवांत असतात, कारण अर्धे काम इंजिनाने केलेले असते.

तापलेली डिस्क दोन प्रकारे बिघडते. पहिला प्रकार साध्या प्रसरणाचा. बीड तापमानाच्या प्रत्येक अंशाला लांबीच्या लाखाव्या भागाहून किंचित जास्त वाढते. २० मिलिमीटर जाडीतल्या एखाद्या डागाचे तापमान बाकीच्या डिस्कपेक्षा १०० अंशांनी चढले तर तिथली जाडी सुमारे २२ मायक्रॉन वाढते, आणि थरथरीला एवढे पुरे. अशी थरथर घाटात येते, अर्ध्या तासाने डिस्का निवल्या की निघून जाते. गॅरेजमध्ये थंड डिस्कवर मोजमाप केले तर काहीच सापडत नाही. दुसरा प्रकार चिकटणाऱ्या पॅडचा. खूप तापलेला पॅड डिस्कवर आपला पातळ थर सोडतो. वेरूळला घृष्णेश्वराचे दर्शन घेऊन परतणारी गाडी खुलताबादहून दौलताबादचा घाट उतरते. श्रावणातल्या सोमवारी किल्ल्याजवळच्या अरुंद दिल्ली दरवाजापाशी वाहने अडून बसतात. उतारावर, तापलेल्या डिस्कांवर, ब्रेक गच्च दाबून पाच-पाच मिनिटे उभे राहावे लागते. पॅडची छापच त्या जागी उमटते. पुढे दर फेऱ्याला त्या छापेवर पकड बदलते, तिथे जास्त उष्णता होते, आणखी थर बसतो. फारच तापल्यास डागाखालच्या बिडाची घडणच बदलते, आणि कडक झालेला तो ठिपका पॉलिश पेपरने जात नाही. अशा गर्दीत सपाट जागा बघून ब्रेक सोडावा, हँडब्रेकवर गाडी धरावी, नाहीतर इंच-इंच पुढे सरकत राहावे, म्हणजे पॅड एकाच जागी चिकटून राहत नाहीत. घाट उतरून आल्या आल्या धुळीने माखलेली गाडी थेट वॉशिंगला लावणे आणि तापलेल्या चाकांवर गार पाण्याचा फवारा मारणे, हेही टाळावेच.

थरथर दिसायला सारखीच, पण मूळ दुसरीकडे, असेही पुष्कळदा होते. मराठवाड्याची काळी माती हे अशा मुळांतले एक. पैठण-गंगापूरकडच्या शेतरस्त्यावरून पावसाळ्यात आलेल्या गाडीच्या रिमच्या आतल्या बाजूला चिखलाचा लादा बसतो, वाळून दगड होतो, आणि चाकाचा तोल बिघडतो. ही थरथर ब्रेकशिवायही येते. पाण्याच्या फवाऱ्याने आणि लाकडी पट्टीने खरवडून ती जाते. तिच्यासाठी डिस्का बदलल्याची उदाहरणे ऐकली की वाईट वाटते. टायरच्या आतली तार सुटून फुगा आला असेल तर संथ वेगातही स्टिअरिंग डुलते. कॅलिपरच्या पिना सुकून अडकल्या असतील तर ब्रेक लावताच गाडी एका बाजूला खेचते आणि प्रवासानंतर एकच चाक दुसऱ्यापेक्षा जास्त गरम लागते. रिमच्या जवळ हात नेला तरी ते कळते, रिमला हात लावू नये. पाय दाबताच पेडलखाली खरखर, टकटक झाली आणि ती फक्त ओल्या, वाळूच्या किंवा खडीच्या जागीच झाली, तर ते एबीएसचे काम. तो बिघाड नाही. थरथर हाताला न लागता बैठकीला, पाठीला लागत असेल तर मागच्या ब्रेकांकडे वळावे. मागे ड्रम असलेल्या आणि हाताने ओढायचा हँडब्रेक असलेल्या गाडीत मोकळ्या रस्त्यावर, कमी वेगात, बटण दाबून धरून हँडब्रेक हळूच ओढून बघता येते. थरथर तशीच आली तर ड्रम लंबगोल झालेला असतो.

एक कारण मात्र वेगळ्या तराजूत ठेवावे लागते. लोअर आर्मचे बुश, बॉल जॉइंट, टाय रॉडचे टोक, हबचे बेअरिंग यांत ढिलाई आली की डिस्कचा जो फरक एरवी हाताला लागला नसता तो लागू लागतो. ढिले बुश थरथर निर्माण करत नाहीत, ती मोठी करतात. म्हणूनच बुश बदलल्यावर थरथर कमी होते आणि ‘दुरुस्ती जमली’ असे वाटते. डिस्कमधला फरक वाढत राहतो आणि काही महिन्यांत ती परत येते. उलटही होते. डिस्क नवी टाकली, थरथर गेली, पण ढिल्या जोडणीमुळे पुढच्या बारीकशा फरकालाही स्टिअरिंग लगेच दाद देते. दोन्ही तपासल्याशिवाय बिल करू नये.

तपासणीचा क्रम असा ठरतो. आधी प्रश्न: थरथर कधीपासून, कोणत्या वेगाला, थंड गाडीत की घाटानंतर, हाताला की पायाला की बैठकीला, आणि त्याआधीच्या सहा महिन्यांत चाक कुणी काढले होते. या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर पुष्कळदा सगळे सांगून जाते. मग रस्ता. शेंद्र्याकडचे औद्योगिक पट्ट्यातले रुंद, सरळ रस्ते वर्दळ नसताना यासाठी बरे. समृद्धीवर मागून भरधाव वाहने येत असतात, तिथे हा प्रयोग करू नये. कायद्याने जेवढी मुभा असेल तेवढ्याच वेगातून, मागे कुणी नाही हे बघून, स्टिअरिंग दोन्ही हातांनी हलके धरून, आधी सौम्य आणि मग मध्यम ब्रेक. घट्ट पकडलेल्या मुठीला थरथर कमी कळते. मिस्त्रीने मालकाला शेजारी बसवून न्यावे, म्हणजे दोघेही एकाच थरथरीबद्दल बोलतात.

मग जॅक, स्टँड, आणि चाक धरून हलवून बघणे: वरखाली खेळले तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट, आडवे खेळले तर टाय रॉड. यानंतरच मोजमाप. डिस्क वॉशर लावून नटांनी हबवर पक्की करायची, चुंबकी पायाचा डायल गेज जवळच्या लोखंडाला चिकटवायचा, त्याचे टोक डिस्कच्या कडेपासून दहा-बारा मिलिमीटर आत टेकवायचे आणि डिस्क हाताने एक फेरा फिरवायची. काटा हलतो. पाच घरे, दहा घरे. प्रत्येक घर दहा मायक्रॉनचे. काटा सगळ्यांत पुढे गेला त्या जागी खडूची खूण करायची, हबवर त्याच रेषेत दुसरी खूण. आता डिस्क काढून दोन बोल्ट पुढे सरकवून पुन्हा बसवायची आणि पुन्हा फिरवायची. पुढे आलेली जागा डिस्कच्या खुणेबरोबर सरकली तर दोष डिस्कमध्ये, हबच्या खुणेपाशीच राहिली तर हबमध्ये. खडूच्या दोन रेघांत इतके स्पष्ट उत्तर देणारी चाचणी गॅरेजच्या सगळ्या कामात दुसरी सापडणे कठीण. शेवटी मायक्रोमीटरने परिघावर आठ ठिकाणी जाडी मोजायची. कुठल्याही दोन आकड्यांत पंधरा-वीस मायक्रॉनहून जास्त अंतर असेल तर थरथर सापडली.

इलाज दोनच. डिस्क लेथवर कापून घेणे, म्हणजे स्किमिंग, किंवा बदलणे. कापायची की नाही हे डिस्क स्वतः सांगते. किमान जाडी तिच्या कडेवर किंवा टोपीवर कोरलेली असते, आणि नवी जाडी व किमान जाडी यांत बहुधा दोनच मिलिमीटरचे अंतर असते. कापल्यावर ती किमान रेषेच्या खाली जाणार असेल तर कापण्याचा विचारही करू नये. पातळ डिस्क लवकर तापते आणि तडकू शकते. लेथवर डिस्क चकमध्ये धरून ‘एक हात फिरवून’ दिली जाते तेव्हा नवाच तिरकेपणा घुसण्याची शक्यता असते. डिस्कची हबला टेकणारी बाजू डायलखाली सरळ करून घेतली पाहिजे, आणि दोन्ही पृष्ठभाग एकाच पकडीत कापले पाहिजेत. गाडीवरच, हबसकट डिस्क कापणारे यंत्र मिळाले तर सर्वांत उत्तम, कारण मग हबचा आणि डिस्कचा तिरकेपणा एकाच वेळी संपतो. काम दोन्ही चाकांवर एकदम व्हावे. उजवीकडे नवी आणि डावीकडे जुनी डिस्क ठेवली तर गाडी खेचू लागते. जुने पॅड जुन्या डिस्कच्या खाचांना सरावलेले असतात, म्हणून पॅडही नवे. पिना स्वच्छ करून उष्णता सोसणारे ब्रेकचे ग्रीस लावावे, साधे नव्हे.

त्यानंतर पॅड बसवण्याचे काम मालकाच्या पायावर असते. मोकळ्या रस्त्यावर साठवरून वीसपर्यंत मध्यम जोराने ब्रेक, गाडी पूर्ण थांबू न देता. मग थोडे अंतर तसेच चालवून डिस्क निवू द्यायची. असे आठ-दहा वेळा. पॅडचा पातळ, एकसारखा थर सगळ्या डिस्कवर बसतो. पहिले दोनशे-तीनशे किलोमीटर घाट आणि जोरदार ब्रेक टाळावेत. गॅरेजमधून गाडी निघते आणि पहिल्याच दिवशी भरल्या गाडीने औट्रम घाट उतरला जातो, तेव्हा नव्या डिस्कवर पहिलीच छाप वेडीवाकडी उमटते.

या शहरात मायक्रॉन परका नाही. १९८५ मध्ये वाळूजला बजाजचा कारखाना आला, २००१ पासून शेंद्र्यात स्कोडाच्या मोटारी जुळू लागल्या, वाळूजमध्येच मुख्यालय असलेली एन्ड्युरन्स टेक्नॉलॉजीज दुचाकींचे डिस्क ब्रेक बनवते, आणि चिकलठाण्याची इंडो-जर्मन टूल रूम मुलांना हजाराव्या भागात विचार करायला शिकवते. पाळी सुटल्यावर बसमधून घरी येणाऱ्या कितीतरी माणसांच्या हातात दिवसभर मायक्रोमीटर असतो. ज्या गावात इतकी माणसे डायल गेजच्या काट्यावर पोट भरतात, तिथल्या रस्त्यावरच्या गाड्यांची डिस्क मात्र डोळ्यांनी बघून, ‘वाकलीय’ म्हणून फेकली जावी, हे खटकते. डायल गेज आणि त्याचा चुंबकी स्टँड ही महागडी यंत्रसामग्री नव्हे. मोटारीच्या डिस्कांच्या एका जोडीच्या खर्चात दोन्ही सहज येतात, आणि वर्षानुवर्षे टिकतात. अडचण पैशांची नाही, सवयीची आहे. कारखान्यात नोकरी करून पुढे स्वतःचे गॅरेज टाकलेले मिस्त्री ही सवय सोबत घेऊन येतात, आणि त्यांच्याकडची गाडी सहसा सहा महिन्यांनी तीच तक्रार घेऊन परत येत नाही.

तेव्हा ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरू लागले आणि कुणी डिस्का बदलायला सांगितल्या, तर मिस्त्रीला दोनच गोष्टी विचाराव्यात: काटा किती घरे हलला, आणि नवी डिस्क बसवण्याआधी हबचा गंज तुम्ही माझ्यासमोर घासणार का.